नैवेद्याआधीचा चमचा

मुरलीधर हा माणूस पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या चुका शोधतो. मँचेस्टरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर आहे. बाकीच्यांनी रक्त आटवून तयार केलेला प्रोग्रॅम समोर घ्यायचा, 'जन्मतारखेच्या रकान्यात कुणी उद्याची तारीख टाकली तर?' असले प्रश्न विचारायचे आणि चार माणसांचा शुक्रवार नासवायचा, हे त्याचं काम. ते तो फार मन लावून करतो. सकाळी टिंपर्लीच्या ट्रॅम स्टॉपवर आमची गाठ पडते तेव्हासुद्धा तो आधी बोर्डावरची वेळ बघतो, मग स्वतःच्या घड्याळातली, मग माझ्या घड्याळातली. तिन्ही जुळल्या तरी चेहऱ्यावर समाधान नसतं. तिघांनी संगनमत केलं असेल, अशी त्याला शंका असते.

असा हा माणूस यंदाच्या जानेवारीपासून रोज संध्याकाळी स्वयंपाक करत होता आणि एकाही पदार्थाची चव न बघता तो ताटात वाढत होता.

झालं होतं असं, की त्याच्या बायकोला, निवेदिताला, ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात चार महिन्यांचं खास ट्रेनिंग मिळालं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. रविवारी संध्याकाळच्या ट्रेनने जायचं, शुक्रवारी परत यायचं. मधल्या दिवसांत घर, नर्सरीची ने-आण आणि चार वर्षांची ईशिता, सगळं मुरलीधरच्या ताब्यात. तोवर स्वयंपाकघराशी त्याचा संबंध डिशवॉशरपुरता होता. त्यात तो ताटल्या इतक्या सुरेख रचायचा, की बाहेर काढणाऱ्याला अपराधी वाटावं. पण गॅसपुढे तो कधी उभा राहिला नव्हता.

त्यात आडवा आला साताऱ्याचा कायदा. साताऱ्यात त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात एकच नियम होता: देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काहीही चाखायचं नाही. आई नुसत्या अंदाजाने मीठ टाकायची आणि ते कधी चुकायचं नाही. लहानपणी दारात उभं राहून मुरलीधर हे बघायचा. त्याची अशी पक्की समजूत झाली होती, की ही विद्या रक्तातून येते आणि वेळ आली की आपल्याही हातात उतरेल.

वेळ आली, पण हातात काही उतरलं नाही.

टिंपर्लीच्या घरात देवघराला जागा नाही. देव वरच्या मजल्यावर बॉयलरच्या कपाटात, घडी केलेल्या टॉवेलांशेजारी बसतात. हिवाळ्यात आमच्या सबंध रस्त्यावर पूर्ण उबेत असलेले तेवढेच. मुरलीधर वाटीत वरण-भात काढायचा, पंधरा पायऱ्या चढायचा, कपाटाचं दार उघडायचा, वाटीभोवती पाणी फिरवायचा, हात जोडायचा आणि खाली यायचा. तोवर भात गार झालेला असायचा. निवेदिता ही भानगड कधीच करत नसे. ती बिनदिक्कत चाखून स्वयंपाक करते. मुरलीधरने लग्नानंतर एकदा हळूच विषय काढला, तेव्हा ती म्हणाली होती, "मग देवाला खारट दाखवू का?" त्यावर त्याने विषय मिटवला. पण स्वतःच्या हातात डाव आल्याबरोबर तो आपल्या आईचा मुलगा झाला.

पहिल्या आठवड्यात वरणात मीठ नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ते दोनदा होतं. खिचडी एक दिवस इतकी पातळ झाली की ती चमच्याने खायची की कपाने प्यायची, यावर बापलेकीत चर्चा झाली.

"बाबा, हा वरण झोपलाय," ईशिता ताटली ढकलत म्हणाली.

"झोपलाय म्हणजे?"

"स्लीपी आहे. काहीच करत नाही तोंडात."

मग टोस्ट. दुसऱ्या दिवशी नुसता पास्ता, त्यावर काही नाही, लोणीही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा टोस्ट. फेब्रुवारी संपेपर्यंत पोरीच्या लेगिंग्ज कमरेत सैल झाल्या आणि नर्सरीच्या बाईंनी अगदी गोड इंग्रजीत विचारलं, की ईशिता दुपारी फार लवकर दमते, घरी जेवते ना? इंग्रजीत इतका गोडवा आला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. मुरलीधरला ते समजलं.

नेमकं त्याच आठवड्यात नागपूरच्या आजीने व्हिडिओ कॉलवर नातीला नीट पाहिलं.

निवेदिताची आई, सीमाताई, पस्तीस वर्षं शाळेत होत्या आणि त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाजवळ आणला आणि म्हणाल्या, "गाल कुठं गेले पोरीचे? काय खाऊ घालून राहिले तुम्ही तिला?"

मार्चच्या मध्यावर त्या टिंपर्लीत दाखल झाल्या. सोबत जवसाची चटणी, सांडगे, पापड आणि परतीची दोन तिकिटं. एक स्वतःचं, दुसरं ईशिताचं.

"तीन आठवडे आहो मी इथं," पहिल्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं. "पोरगी नीट जेवायला लागली, तर तिचं तिकीट रद्द. नाही तर ती माझ्यासोबत येईल. सप्टेंबरात तिची शाळा सुरू व्हायच्या आधी आणून सोडते."

"सप्टेंबर?" मुरलीधर म्हणाला. "म्हणजे पाच महिने? आणि आई, मे महिन्यात नागपूरला पंचेचाळीस डिग्री..."

"कूलर आहे घरी. अन् जेवणही आहे."

शुक्रवारी निवेदिता आली. पोरीला तिने स्वतः अंघोळ घालून झोपवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मुरली, मला तिला पाठवायचं नाहीये. पण आई चुकीचं बोलत नाहीये. अंघोळ घालताना बरगड्या लागतात रे हाताला. तीन आठवडे आहेत. काहीतरी कर."

सोमवारी सकाळी ट्रॅमची वाट बघत असताना मुरलीधरने हे सगळं मला सांगितलं आणि त्या दिवशी, मी त्याला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच, त्याने बोर्डाकडे बघितलं नाही.

*

सीमाताईंनी फ्रिजशेजारी खुर्ची मांडली. "मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं तर ती खाईलच. तुमच्या हातचं खाते का, ते बघायचं आहे." आणि शाळा तपासणीला आलेल्या साहेबासारख्या त्या बसल्या. फरक एवढाच, की साहेबाला चहा दिला की तो निवळतो. सीमाताईंनी चहाही तपासला.

ईशिताला स्वयंपाकघराबाहेर ठेवणं अशक्य होतं. फोडणी पडली की पॅसेजमधला धुराचा अलार्म कोकलायचा, आणि त्याच्याखाली उभं राहून टॉवेल हलवायचं हे खातं तिने जानेवारीतच स्वतःकडे घेतलं होतं. एरवी ती बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणून ओट्याशी उभी राहायची. कोथिंबीर तोडायची, वाटाणे सोलायची, लसूण सोलायला मागायची आणि एका पाकळीत कंटाळायची. थोडक्यात, स्वयंपाकातली सगळी कामं करायची. शेवटचं, जेवणाचं, तेवढं सोडून.

"मुरलीधरराव," तिसऱ्या दिवशी सीमाताईंना राहवलं नाही, "चव बघितली का?"

"नैवेद्य व्हायचाय अजून."

"अन् बिघडलं असलं तर?"

"आईचं कधी बिघडलं नाही."

"आई इथं आहे का पण?"

मुरलीधर वाटी घेऊन वर गेला. जिन्यात पावलं वाजत राहिली. ईशिता आजीला म्हणाली, "बाबा देवाला चेक करायला देतो. पण देव काही बोलतच नाही."

"बोलणार कसा," सीमाताई पुटपुटल्या, "तोंडात मीठ गेलं असेल."

पहिला आठवडा असाच गेला. टोस्ट पाच, पास्ता दोन. सीमाताईंनी ईशिताचे नागपूरला न्यायचे सुती फ्रॉक कुठे मिळतील, याची चौकशी सुरू केली.

शनिवारी निवेदिताला ग्लासगोत ड्यूटी लागली, ती येऊ शकली नाही. मुरलीधरने दुपारच्या जेवणाला वरण केलं. हिंग, हळद, गूळ घातला, मीठ अंदाजाने टाकलं, आणि तो भाताकडे वळला. तेवढ्यात मागे स्टुलावरून एक आवाज आला. तो आवाज चमचा चाटल्याचा होता.

"बाबा, मीठ नाहीये."

मुरलीधर गर्रकन वळला. वरणाचा चमचा ईशिताच्या तोंडात होता. नैवेद्य व्हायच्या आधी!

इथे मुरलीधरची दया येते. एका बाजूला उष्टं झालेलं वरण, दुसऱ्या बाजूला उपाशी पोर, तिसऱ्या बाजूला फ्रिजशेजारची सासू. वरण टाकून द्यावं तर सासूसमोर अन्न टाकायचं. नैवेद्य दाखवावा तर उष्ट्याचा. कामावर अशा वेळी तो वरच्या माणसाला ईमेल करतो. इथे वरचा माणूस बॉयलरच्या कपाटात होता आणि त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं. म्हणून त्याने साताऱ्याला फोन लावला. स्पीकरवर, कारण हाताला डाळ लागली होती.

"आई, एक घोटाळा झालाय. ईशिताने वरण चाखलं. नैवेद्याआधी."

"मग? काय म्हणाली?"

"कोण काय म्हणाली?"

"ईशिता रे. मीठ बरोबर आहे म्हणाली का?"

"नाही म्हणाली. पण आई, नैवेद्याआधी..."

पलीकडून हसू आलं. चांगलं मोकळं, खोकला लागेपर्यंतचं. "अरे, माझ्या स्वयंपाकाला चव कुठून येत होती असं तुला वाटलं? अंदाजाने? तू दीड वर्षाचा असल्यापासून मी तुझ्या तळहातावर वरणाचा थेंब टाकायचे. तोंड वाकडं केलंस की मीठ. पुन्हा हात पुढे केलास की झालं. लहान लेकराचं उष्टं धरत नाहीत, बाबा. पाचव्या वर्षी तुझी मुंज झाली तेव्हा पंचाईत झाली होती. मग मागच्या दाराशी शेजारची श्रद्धा यायची, चार वर्षांची. ती मोठी झाल्यावर तिचा धाकटा भाऊ. आमच्या आळीत एक ना एक पोर चाखायला असायचंच."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू आपला दारात उभा राहून वास घ्यायचास. मला वाटलं, आवडतो तुला वास."

फोन ठेवून मुरलीधर जागच्या जागी उभा राहिला. एकोणचाळीस वर्षं ज्या हाताच्या अंदाजापुढे तो मान लववत होता, तो अंदाज त्याच्याच जिभेचा होता. फ्रिजशेजारच्या खुर्चीतून सीमाताईंनी सगळं ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मीठ टाका आता. गार होऊन राहिलं."

त्याने मीठ टाकलं, ढवळलं, आणि चमच्यावर फुंकर मारून एक थेंब ईशिताच्या तळहातावर ठेवला. तिने तो जिभेने टिपला. डोळे मिटले. आपल्याला काहीतरी अधिकार मिळालाय हे मुलांना कुणी सांगावं लागत नाही.

"थोडं अजून," ती म्हणाली. मग, "अजून." मग, "बस! आता वरण उठला."

त्या दुपारी ती वरण-भात जेवली. सगळा नाही, अर्धा. पण स्वतःच्या हाताने आणि मधूनमधून आजीला सांगत, "मी केलाय. बाबाने हेल्प केली."

*

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं, तर ईशिता मला माफ करणार नाही. ती भयंकर कडक निघाली. मेथीची भाजी तीन वेळा नापास झाली आणि चौथ्यांदा परीक्षेलाच बसवली नाही. पिठलं पहिल्या दिवशी 'नो', दुसऱ्या दिवशी 'ओके-इश', आणि तिसऱ्या दिवशी एकदम दोन वाट्या. बटाट्याच्या काचऱ्या ती ताटापर्यंत पोचूच देईना. चाखता चाखता निम्म्या संपायच्या. एकदा तिने पाच वेळा 'अजून मीठ' सांगितलं, मुरलीधरने पाच वेळा टाकलं, आणि मग तिघांनी ती खिचडी दह्याच्या मोठ्या डब्याबरोबर, एकमेकांकडे न बघता संपवली. पण टोस्ट मागे पडला. जे आपण पास केलं ते आपण खायचं, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

मुरलीधरही बदलला. सकाळी स्टॉपवर मला विचारायला लागला, "आज भोपळा करू की कोबी? कोबीला ती गेल्या वेळी वाकड्या तोंडाने हो म्हणाली होती." ट्रॅम दोन मिनिटं उशिरा आली, तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

सीमाताई मात्र खुर्चीत तशाच. "पोरीला विचारून मीठ टाकून राहिले," असं त्या फोनवर नागपूरच्या मैत्रिणीला सांगताना मुरलीधरने ऐकलं. आवाजात कौतुक होतं की तक्रार, ते त्याला कळलं नाही. तिकिटाबद्दल त्या अवाक्षर बोलत नव्हत्या. शनिवारचं विमान होतं, आणि सुती फ्रॉकही आले होते.

गुरुवारी संध्याकाळी त्या खुर्चीतून उठल्या. "आज मी करते. गोळाभात. तुम्ही दोघं बाहेर बसा."

"आजी, मी पण..." ईशिता स्टूल उचलायला निघाली.

"नाही बेटा, तेल असते, भाजेल. जा, खेळ."

आणि स्वयंपाकघराचं दार बंद झालं. ते दार मुरलीधरने त्या घरात कधी बंद झालेलं बघितलं नव्हतं. ईशिता दाराबाहेर स्टुलावर बसून राहिली. आतून तळणीचा आवाज आला, हिंगाचा वास आला, अलार्म कोकलला. ती टॉवेल हलवायला उठली नाही.

सात वाजता ताटं मांडली गेली. पांढराशुभ्र मोकळा भात, त्यात डाळीच्या पिठाचे गोल गोल गोळे, वर मोहरी-हिंगाची फोडणी. वासाने मुरलीधरच्या तोंडाला पाणी सुटलं. आज सीमाताईंनी स्वतःच पहिला घास भरवायला हात पुढे केला.

ईशिताने तोंड फिरवलं.

"काऊन? आवडत नाही का?"

"मी चेक नाही केलं."

"काय चेक करायचं त्यात? आजीने केलंय."

"बाबा पण करतो. तरी मी चेक करते."

"ईशू, खा ना बेटा," मुरलीधर कळवळून म्हणाला. आपण दोन आठवडे पोरीला चाखायला शिकवलं आणि नेमकं तेच आता अंगावर आलं, हे त्याला दिसत होतं. निघायला दोन दिवस, सासूच्या हातचा गोळाभात, आणि पोरगी उपाशी. परवाचं विमान त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, खिडकीशेजारी ईशिता.

सीमाताईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. पस्तीस वर्षांत त्यांना कुणा विद्यार्थ्याने पेपर तपासून दाखवला नव्हता. मग त्या उठल्या, नातीचं बोट धरलं आणि तिला आत घेऊन गेल्या. कढई अजून गॅसवर होती. त्यांनी एक गोळा फोडला, फुंकला, आणि तिच्या तळहातावर ठेवला.

ईशिताने डोळे मिटले. मुरलीधर दारात येऊन उभा राहिला.

"नाईस आहे, आजी," ती म्हणाली. "पण लिंबू पाहिजे."

निवेदिता सांगते, की तिच्या आयुष्यात तिने आईच्या स्वयंपाकात काही कमी आहे असं म्हटलेलं तिला आठवत नाही. म्हणायची हिंमतच नव्हती. सीमाताईंनी मात्र फ्रिज उघडला, लिंबू कापलं आणि नातीला दिलं. "पिळ तूच. किती पाहिजे ते."

ईशिताने ते गोळाभातावर पिळलं, थोडं स्वतःच्या बाहीवर पिळलं, आणि चार गोळे खाल्ले. पाचवा मागितला.

जेवण झाल्यावर सीमाताई चष्मा पुसत म्हणाल्या, "मुरलीधरराव, तुमचा तो मोबाइल आणा. तिकीट रद्द कसं करतात ते दाखवा."

"कुठलं?"

"माझं करता का मग?"

त्याने फोन आणला. रद्द करण्याच्या बटणावर बोट ठेवून त्याने विचारलं, "नक्की ना, आई?"

"नक्की. माझ्याकडे ती जेवली असती. दोन घास जास्तच जेवली असती. पण तिला मी आत येऊ दिलं नसतं. निवेदिताला तरी कुठं येऊ दिलं? सकाळची शाळा, घाई. दार लावूनच रांधलं मी आयुष्यभर." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "अन् खरं सांगू? पोरीची काळजी होतीच. पण माझंही होतं त्यात थोडं. एकटीसाठी कुकर लावावासा नाही वाटत. सकाळी दोन पोळ्या करते. रात्री उरलेली चहात बुडवून खाते."

मुरलीधरने बटण दाबलं. बोलली ईशिता.

"आजी, दॅट्स नॉट डिनर!"

"नाही ना, बाई."

"पोळी आणि टी? रोज? आजी!" तिच्या चेहऱ्यावर नर्सरीच्या बाईंची काळजी जशीच्या तशी उतरली होती. "वरण इझी आहे. मी दाखवते."

स्टूल फरफटत ओट्याशी गेलं. डाळीचा डबा निघाला.

"अगं, आत्ताच जेवलो आपण," मुरलीधर म्हणाला.

"धुऊ द्या तिला," सीमाताई म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि जन्मात डाळ शिजवलीच नसल्यासारख्या नातीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"एकटीला किती घ्यायची?"

"एक मूठ. माझी नाही, तुझी."

"अन् पाणी?"

ईशिताने भांड्यात बोट बुडवलं. "इथपर्यंत." मग तिने आजीचा हात ओढून घेतला, तिचं सुरकुतलेलं लांब बोट आपल्या बोटाला लावून बघितलं, आणि मान हलवली. "तुझी फिंगर मोठी आहे, आजी. तू थोडं कमी घे."